वाढत्या मापाची सायकल

१

आमच्या दुकानाचं शटर दुपारी साडेबाराला खाली येतं ते तीनला वर जातं. मधल्या वेळात खुद्द पोप दारात उभा राहिला तरी मी उघडणार नाही. दुकानातूनच एक लाकडी जिना वर माझ्या स्वयंपाकघरात जातो. मी जेवते, खुर्चीतच अर्धा तास डुलकी काढते, कॉफी पिते आणि खाली येते. चाळीस वर्षं हा क्रम चुकलेला नाही.

माझे बाबा शर्यतीच्या सायकलींच्या फ्रेम बनवायचे. स्टीलच्या नळ्या कापून, पितळेने झाळून, एका वेळी एक. ग्राप्पा डोंगराच्या पायथ्याशी राहणारी निम्मी पोरं त्यांच्याच फ्रेमवर शर्यती खेळली. मी रंग द्यायचे आणि जुळवणी करायचे. बाबा गेल्यावर नव्या फ्रेम बंद झाल्या. आता लोक माळ्यावरून काकाची नाहीतर आजोबांची सायकल काढून आणतात आणि म्हणतात, निवेस, हिला जरा आजच्या काळात आण. गिअर नवे, ब्रेक नवे, चाकं नवी, रूप मात्र जुनंच पण आणखी देखणं. स्वतःच्या बाबतीत जे जमत नाही ते सायकलीकडून करून घेतात बिचारे.

फेब्रुवारीत एझिओ मार्किओरेत्तो त्याच्या भावाची सायकल घेऊन आला. एझिओ गावात विजेची कामं करतो. पन्नाशीचा, बुटका, बडबड्या माणूस. त्याचा थोरला भाऊ लोरिस सतरा वर्षांचा असताना, शहाऐंशी सालच्या एप्रिलमध्ये, धुक्यात ग्राप्पा उतरताना वळणावरून खाली गेला. साठ मीटर खोल सापडला. सायकल मात्र वरच होती, कठड्याला नीट टेकवून ठेवलेली, एक ओरखडा नाही. मागून येणाऱ्या कुणीतरी उचलून ठेवली असेल, असं तेव्हा सगळे म्हणाले. मागून कुणी आलं नव्हतं, पण अशा वेळी काहीतरी म्हणावं लागतंच.

त्यांची आई जेम्मा हिने ती सायकल अडतीस वर्षं घराच्या ओसरीत ठेवली. ती नाताळच्या आधी वारली.

"आई होती तोवर हात लावायची सोय नव्हती," एझिओ म्हणाला. "आता इलारियाला चालवू दे. सायकल काय भिंतीशी उभी करून धूप दाखवायला असते?"

इलारिया त्याची मुलगी. सोळा वर्षांची, मुलींच्या संघातून शर्यती खेळते. लोरिसच्या स्मरणार्थ दर एप्रिलला क्लबची पोरं ग्राप्पा चढतात. यंदा इलारियाने काकाच्या सायकलीवर चढायचं, असं बापाने ठरवून टाकलं होतं.

२

काम मन लावून केलं, हे मला सांगायलाच हवं. फ्रेमचा जुना रंग उतरवून तिला क्रोमचा मुलामा करून घेतला आणि त्यावर पारदर्शक लाल लाखेचे पाच हात दिले. उन्हात नेली की आतला चकचकाट लालमधून वर येतो. आमच्या बाजूचं हे जुनं कसब आहे, आता फार थोडे लोक करतात. नव्या चाकाला जागा व्हावी म्हणून मागचा चिमटा चार मिलिमीटर फाकवला. गिअरचे खटके पूर्वी खालच्या नळीवर असत, ते ब्रेकच्या मुठीत आणले. हँडलला पांढरी पट्टी गुंडाळली. सीटची दांडी जुनीच ठेवली, घासूनपुसून आरशासारखी केली.

फ्रेम इलारियाला किंचित मोठी होती, पण ती लोरिसलाही मोठीच होती. आया शाळेचा कोट वाढत्या अंगाचा शिवतात तसे बाबा पोरांच्या फ्रेम वाढत्या मापाच्या करायचे. दोन सेंटिमीटर जादा. उगाच दरवर्षी नवी कशाला, सीट वर घेत जाऊ, म्हणायचे.

सीटची उंची म्हणजे पायडलांच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ते बरोबर असेल तर पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होतो. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट खाली आहे असं समजायचं. इलारियाचं माप मी घेतलं होतं, सत्तर पूर्णांक पाच सेंटिमीटर. बुधवारी सकाळी सीट तेवढ्यावर बसवली, पेच आवळला, बारा तीसला शटर ओढलं आणि वर गेले.

तीनला खाली येऊन सहज पट्टी लावली. सत्तर पूर्णांक नऊ.

चुकीचं वाचलं असेल म्हणून चष्मा पुसला. पुन्हा नऊच. मी चार मिलिमीटर खाली घेऊन पेच आणखी आवळला आणि कामाला लागले. संध्याकाळी मात्र जेवणात मन लागेना. पेच ढिला राहिला तर सीट खाली सरकते. माणसाच्या वजनाने, खड्ड्यांनी, खालीच सरकते. चाळीस वर्षांत आपोआप वर गेलेली सीट मी बघितली नव्हती.

३

गुरुवारी पुन्हा सत्तर पूर्णांक नऊ. शुक्रवारी मी मुद्दाम खाली घेतली नाही, तर एक्काहत्तर पूर्णांक तीन झाली.

मी देवभोळी बाई नाही. मला वाटलं, हे माझंच काम. जेवणानंतर मला डुलकी लागते, त्या झोपेत मी जिना उतरून येत असेन, हाताला सवयीचं काम करत असेन आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसत असेन. एकसष्टाव्या वर्षी डोकं सटकायला वेळ लागत नाही. माझी आत्या तर झोपेत मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायची. म्हणून शनिवारी मी तो पेच फिरवायचा पान्हा वर नेला, शटरची किल्ली वर नेली आणि डुलकी न काढता टेबलाशी ताठ बसून राहिले. कॉफी दोनदा केली.

पावणेदोनच्या सुमारास खाली आवाज आला. टिक्, टिक्, टिक्. चाक मोकळं फिरताना मागच्या चक्रातून येतो तो आवाज. माझ्या जन्मापासून माझ्या कानात आहे, मी तो ओळखायला चुकणार नाही. स्टँडवर टांगलेल्या सायकलीचं चाक वाऱ्याने कधीकधी फिरतं. शटर बंद होतं, मागची खिडकी बंद होती. आवाज हळूहळू कमी व्हायला हवा होता, कारण चाक कधीतरी थांबतंच. तो कमी झाला नाही. एकाच लयीत चालू राहिला आणि अडीचला एकदम बंद पडला.

मी तीनला उतरले. आधी उतरले नाही, कारण मला भीती वाटली. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

एक्काहत्तर पूर्णांक सात. दुकानात इतका गारठा होता की तोंडातून वाफ निघत होती. मी सीटवर हात ठेवला. ती ऊबदार होती.

४

बाबांकडे मापांची वही असायची. दर एप्रिलला, हंगामाच्या तोंडावर, ते प्रत्येक पोराला अनवाणी भिंतीशी उभं करायचे आणि सीटचा नवा आकडा त्याच्या पानावर तारखेसह लिहायचे. रविवारी मी ती वही शोधून लोरिसचं पान काढलं.

बाराव्या वर्षापासूनचे आकडे होते. शेवटचा एप्रिल शहाऐंशीचा, त्र्याहत्तर. त्यानंतर दहा दिवसांनी तो गेला.

पण पान तिथे संपलेलं नव्हतं. एप्रिल सत्त्याऐंशी, त्र्याहत्तर पूर्णांक आठ. अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा. बाबांचंच अक्षर, बाबांचीच जांभळी पेन्सिल. दरवर्षी एक आकडा, दरवर्षी थोडा जास्त. शेवटचा नव्याण्णवचा, त्र्याऐंशी पूर्णांक चार. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बाबा वारले. त्र्याऐंशीची सीट लागणारा माणूस आमच्या गावात कधी जन्मलेला नाही. तो दारातून वाकूनच आत येईल.

बाबा दर एप्रिलला तेलाची कुपी आणि पान्हा घेऊन जेम्माकडे जायचे, हे मला माहीत होतं. मला वाटायचं सायकलीची देखभाल करायला जातात. बिचारीचं समाधान करतात. आता मी तसंच समजायचं ठरवलं. पोरगं वाढतंय असं मानून एक आई सीट वर करते आणि एक म्हातारा तिच्या वेडात सामील होऊन आकडे लिहितो. मला रडू आलं आणि रागही आला. कुणी कुणाच्या दुःखाचे एवढे लाड करायचे नसतात.

सोमवारी सकाळी बारमध्ये एझिओ भेटला. मी आडवळणाने विचारलं की तुझी आई सीट वरखाली करायची का.

"आई? शेवटची सहा वर्षं ती अंथरुणातून उठली नाही," तो म्हणाला. "पण तू विचारतेस म्हणून सांगतो. मी सायकल घ्यायला गेलो तेव्हा दांडी जेमतेम बोटभर आत होती, हात लावला तर निघून आली असती. गाडीच्या डिकीत मावेना म्हणून मी ठोकून खाली बसवली. आईच्या देखत कुणाची छाती झाली नसती तसं करायची."

तो हसला. माझी कॉफी तशीच गार झाली.

५

त्या सोमवारी मी जे केलं ते कुठल्याही कारागिराने करू नये. नवी अ‍ॅल्युमिनियमची दांडी घेतली आणि करवतीने अशी आखूड कापली की इलारियाच्या मापावर ती जेमतेम पुरेल, वर जायला काही शिल्लक राहणार नाही. मग तिला दोन भाग कालवून करतात तो पक्का गोंद फासला आणि सत्तर पूर्णांक पाचवर कायमची चिकटवून टाकली. सीट वरखाली झाली पाहिजे, एवढ्यासाठी तर दांडी असते. बाबा असते तर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं असतं. पण माझा विचार साधा होता. पोरगी या सायकलीवर डोंगर चढणार, आणि उतरणारही. उतारावर तिच्या अंगाखाली काहीही हलता कामा नये.

दुपारी आवाज आला नाही. तीनला मोजलं, सत्तर पूर्णांक पाच. मंगळवारी तेच. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तेच. मी सुटले असं वाटून शुक्रवारी दोन ग्लास वाइन जास्त प्यायले आणि खुर्चीत घोरत पडले.

६

शनिवारी सकाळी बापलेक आले. एझिओने सायकलीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मग बाही डोळ्यांना लावली आणि म्हणाला, लोरिसला आवडली असती.

इलारिया चढली. मी मागचं चाक स्टँडवर घेतलं आणि तिला पायडल मारायला सांगितलं. पाय खाली गेला तरी गुडघा वाकलेलाच होता. चांगला वाकलेला. पट्टी लावली, सीट सत्तर पूर्णांक पाचवर जागची हललेली नव्हती.

"जरा उतर बाळा," मी म्हटलं, "बूट काढ आणि भिंतीशी उभी राहा."

बहात्तर पूर्णांक पाच.

मी तीनदा मोजलं. दोन सेंटिमीटर. पाच दुपारी, रोजचे चार मिलिमीटर.

एझिओ खूश होता. पोरगी घोड्यासारखी वाढतेय, म्हणाला, परवाच घेतलेली पँट घोट्याच्या वर गेली. इलारिया म्हणाली, रोज दुपारी जेवणानंतर नडग्या ठणकतात, वर्गात बाकाखाली पाय मावत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय आहे.

तेव्हा मला कळलं, बाबा दर एप्रिलला तिथे कशाला जात होते. जेम्माच्या घरात तेव्हा आणखी एक पोर वाढत होतं, बारा वर्षांचं. बाबा सीट वर घेत राहिले, सायकलीत जे वाढत होतं त्याला तिथेच जागा देत राहिले, म्हणून एझिओ बुटका राहिला आणि पन्नाशी गाठून माझ्यासमोर हसत उभा होता. मी ती जागा करवतीने कापून टाकली होती.

मी म्हटलं, सायकल ठेवून जा, फ्रेमला तडा दिसतोय. मला खोटं नीट बोलता येत नाही. एझिओने बोटाने सगळे सांधे चाचपले, तडा नाही म्हणाला, माझी पाठ थोपटली आणि सायकल गाडीवर चढवली. सीटचं पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाला.

संध्याकाळी मी गरम हवेचं यंत्र आणि करवत घेऊन त्यांच्या घरी गेले. दांडी काढते म्हणाले. का ते विचारल्यावर सांगितलंही, बाबांच्या वहीसकट, त्याच्या आईसकट. एझिओ आधी हसला. मग त्याचा चेहरा बदलला.

"माझी आई वेडी होती असं म्हणायचंय का तुला?" तो म्हणाला. "भावाच्या सायकलीला करवत लावायला आलीस, आणि वर हे? जा निवेस. घरी जा, झोप काढ."

पुढचे दहा दिवस त्याने माझा फोन घेतला नाही. इलारिया रोज सायकल चालवते, असं बारमध्ये कळलं. रविवारची शर्यत तिने जिंकली होती. बाकीच्या मुली लहान वाटत होत्या तिच्यापुढे, असं बारवाला म्हणाला.

७

अकराव्या दिवशी मी जेवायला बसले होते. रादिक्कियोची कडू पानं आणि सोसेज, अजून आठवतं. शटरला आतून कुलूप होतं आणि किल्ली माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात होती. एक चाळीसला खाली आवाज सुरू झाला. टिक्, टिक्, टिक्.

सायकल तर दुकानात नव्हती. मी मनाशी म्हटलं, दुकानात आणखी सहा सायकली आहेत, त्यांनाही चाकं आहेत. म्हटलं आणि उठले. या वेळी तीनपर्यंत थांबायचं नाही, एवढं मी दहा दिवसांत ठरवून ठेवलं होतं.

जिन्याच्या मध्यावर छताची तुळई आडवी येते. तिथून दुकानाचा फक्त खालचा भाग दिसतो. मला लाल फ्रेमचा खालचा भाग दिसला, स्टँडवर. पायडल उलटं फिरवत खाली जाणारा पाय दिसला. अनवाणी, गोरा. पायडल खाली आला, पाय तुळईआडून खाली उतरला, नडगी आली, आणि ती येतच राहिली. गुडघा दिसायला हवा होता तिथे अजून नडगीच होती. मग तो पाय वर गेला आणि दुसरा आला, तसाच.

मला वर पळून जावंसं वाटलं. कठडा धरून मी एकेक पायरी उतरले.

इलारिया होती. शाळेचं दप्तर शटरशी पडलं होतं. शटर हातभर उघडं होतं.

"आत कशी आलीस?" मी विचारलं.

"शटर वाजवलं, तर उघडलं की," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हीच. मावशी, सीट फार खाली आहे. गुडघे दुखतात. पप्पा तुमच्याशी बोलत नाहीत म्हणून मी स्वतःच आले. घेता का जरा वर?"

तिचा आवाज अगदी तिचाच होता, जरा दमलेला. मी तिच्या पायांकडे बघितलं नाही. चेहऱ्याकडे बघत राहिले, सोळा वर्षांचा, नाकावर ठिपके असलेला चेहरा. हे मी केलंय, मीच निस्तरणार, एवढंच डोक्यात होतं. तिला उतरायला सांगितलं आणि गरम हवेचं यंत्र लावलं. गोंद सुटायच्या आधी लाख करपली, फुगली, काळी पडली. पाच हातांची मेहनत. मला त्या मेहनतीचं काही वाटलं नाही. आखूड दांडी उपटून फेकली आणि ड्रॉवरमधून लोरिसची जुनी लांब दांडी काढून बसवली. म्हटलं, ये रे पोरा, तुझी जागा घे. पोरीला सोड.

"मी बघते इथूनच," इलारिया म्हणाली. "बरोबर झाली की थांबा म्हणेन."

मी सीट वर घेऊ लागले. सत्तर, बहात्तर, पंचाहत्तर. थोडी वर घ्यायची, पट्टी लावायची, तिच्याकडे कान द्यायचा. ऐंशी. त्र्याऐंशी पूर्णांक चार आला आणि मागे पडला. याच्या वर काढू नये म्हणून दांडीवर एक रेघ कोरलेली असते, ती बाहेर आली. दांडी आता बोटभरच आत होती, आणखी ओढली तर निघून हातात येणार.

मी तिच्याकडे बघितलं. मला त्यासाठी मान वर करावी लागली. ती सीटकडे शांतपणे बघत होती, आणि थांबा म्हणत नव्हती.